कोलकाता, तेही ऐन मे महिन्यात

संत्राबर्फी

"कोलकात्याले? अन् तेही मे महिन्यात? काहून बापा?" ऑफिसनं दोनेक महिन्यांसाठी तिकडच्या शाखेत पाठवायचं ठरवलं तेव्हा घरीदारी सगळ्यांचं हेच. लोक कोलकात्याला जातात ते पूजेला, नाहीतर डिसेंबरात. व्हिक्टोरियापुढे फोटो, पार्क स्ट्रीटची रोषणाई, नव्या गुळाचा संदेश, की झालं. माझं म्हणणं उलटं आहे आणि त्यासाठी भांडायचीही तयारी आहे: हे शहर उन्हाळ्यातच बघावं. तेव्हा ते पाहुण्यांसाठी नटलेलं नसतं. जसं जगतं तसं दिसतं.

गोष्ट २०२४ ची. मी एप्रिलच्या शेवटी पोचले आणि ३० तारखेला पारा ४३ वर. एप्रिलमधला इतका तापलेला दिवस १९५४ नंतर तिथे झालाच नव्हता म्हणे. म्हणजे नागपूरकरीण म्हणून मिरवायची सोय पहिल्याच आठवड्यात गेली. पुढे पारा उतरला, पण खरा त्रास तेव्हा सुरू झाला. आपल्याकडे हवा कोरडी, म्हणून कूलरच्या ताट्यांतलं पाणी भराभर उडतं आणि खोली गार होते. तिथली हवा आधीच पाण्यानं भिजलेली, त्यात आणखी पाणी उडणार कुठे? ३६ अंशांत बसल्या जागी घामाच्या धारा लागतात आणि पंख्याखालीसुद्धा कपडे वाळत नाहीत.

राहायला भवानीपूरला एका माशीमांकडे (बंगालीत मावशी) होते. जुनं घर, लाल गिलाव्याची गुळगुळीत जमीन, लाकडी पट्ट्यांच्या हिरव्या खिडक्या. सकाळी नऊच्या आत त्या खिडक्या बंद, त्या थेट पाच वाजता उघडायच्या. दुपारभर गल्लीत चिटपाखरू नाही. सुट्टीच्या दिवशी मी उठले की माशीमा गॅसच्या उघड्या जाळावर कैरी धरून उभ्या. चिमट्यानं फिरवत राहायचं, साल पार कोळसा होईस्तोवर. मग पाण्यात टाकून बोटांनीच साल ओढायची, आतला धुरकट गर कुस्करायचा, पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, साखर, गार पाणी. आपलं पन्हंच, पण त्याला जळक्या सालीचा वास असतो. दुसरा ग्लास मागावा लागत नाही, पुढे येतोच.

मेच्या पहिल्या आठवड्यात कालबैसाखी पाहिली. हे वळीव छोटा नागपूरच्या पठाराकडून, वायव्येहून येतात. चार वाजता आभाळ शाईसारखं झालं, वारा थबकला, आणि मग एकदम सगळ्या गल्लीतल्या खिडक्या धाडधाड आपटायला लागल्या. समोरच्या गच्चीवर एक काकू साड्या गोळा करताहेत, शेजारच्या गच्चीवरून पोरगा त्यांना ओरडून सांगतोय की एक साडी चाललीय, धरा! साडी गेली ती गेलीच, विजेच्या तारांवर लटकली. मग टपोरा पाऊस, आणि अर्ध्या तासात हवा अशी गार की माशीमांनी पंखा बंद करायला लावला. त्या संध्याकाळी सगळं गाव घराबाहेर होतं. ओट्यांवर म्हातारे, क्लबाच्या दारात कॅरम, कोपऱ्यावर मातीच्या भांड्यांतला चहा, आणि सगळ्यांचा विषय एकच: माझ्याकडे किती पडला, तुझ्याकडे किती.

त्याच आठवड्यात पंचविशे बैशाख, रवींद्र जयंती. जोडासाँकोला, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरी, गर्दी असते म्हणून गेले नाही. गल्लीतल्या क्लबानं दोन पलंग जोडून केलेल्या स्टेजवरचा कार्यक्रम पाहिला. पेटी सुरात नव्हती. एक आजोबा कविता म्हणताना मध्येच अडले तर पुढची ओळ समोरच्या भाजीवाल्यानं सांगितली. मी तिथे ढेपाळले हो. त्यानंतर घरच्यांनी फोनवर "कधी येतेस?" विचारलं की उत्तर टाळायला लागले.

निवडणुकाही होत्या, १ जूनला तिथलं मतदान. भिंतीच्या भिंती रंगवलेल्या, त्यावर यमक जुळवलेल्या घोषणा आणि एकमेकांची टर उडवणारी व्यंगचित्रं. ऑफिसला जाताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायचे, नवीन काय रंगवलंय ते बघायला.

तर मंडळी, तुमचं असं कोणतं शहर? नाहीतर कोलकात्यावरच बोला. दोन्ही चालेल.

चकली

मस्तच! पण फुचक्याबद्दल अवाक्षर नाही? निषेध.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली

छान लिहिलंय. पण ट्राम कशी वगळलीत? आमच्या मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला गेली. वडील त्या रात्री रस्त्यावर उभे होते. अजून कोणी कोलकात्याहून आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "तिकडची चालू आहे ना?"

बाकी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबई बघायला मामाकडे यायची पोरं आम्ही पाहिलीत. एका खोलीत अकरा माणसं. तीही प्रेमात पडूनच परत जायची. तेव्हा उन्हाळ्यातल्या प्रेमावर कोलकात्याची मक्तेदारी नाही.

संत्राबर्फी

@चकली, निषेध मान्य. फुचका म्हणजे आपली पाणीपुरी, असं तिथे म्हणू नका, भांडण होतं. उकडलेला बटाटा तुमच्यादेखत हातानं कुस्करतात, त्यात काळे चणे, मिरची, मसाला आणि गंधराज लिंबू. पाणी चिंचेचं, गोड चटणीचा पत्ता नाही. शालपत्राच्या द्रोणात एकेक देत जातात, आणि शेवटी एक फुकट. त्याला 'फाऊ' म्हणतात. आपल्या सुक्या पुरीचा भाऊ. तो मागायला लाजायचं नाही.

@गिरगावकर, वडिलांना सांगा, मी गेले तेव्हा चालू होती, पण मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घोड्यांची ट्राम तिथे १८७३ ला आली, विजेची १९०२ ला. मी श्यामबाजार ते एस्प्लनेड या मार्गावर बसायचे, कारण ती कॉलेज स्ट्रीटवरून जायची. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या टपऱ्या, आणि ट्राम इतकी सावकाश की खिडकीतून पुस्तकांची नावं वाचता यायची. एकदा रुळावर एक टेम्पो उभा होता. मालक जेवायला गेलेला. ट्रामवाल्यानं घंटी वाजवली, मग वाट पाहिली, मग तोही उतरून चहा प्यायला. चिडलं कोणीच नाही. आपल्याकडे असतं तर मारामारी झाली असती. त्याच सप्टेंबरात सरकारनं मैदानाजवळचा एक छोटा टप्पा सोडून ट्राम बंद करायचं जाहीर केलं. वाचून वाईट वाटलं.

निनाद७

माफ करा, विरजण घालतोय.

मी तिथे नोकरी केली आहे, काही वर्षं. टेम्पोवाला जेवायला गेला म्हणून ट्राम थांबली हे तुम्हाला गोड वाटतं, कारण तुमचं त्या ट्रामवर काही अडलेलं नव्हतं. मला वेळेत पोचायचं असायचं. आमच्या तिथल्या ऑफिसात साधी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला आठवडा लागायचा. कोणाला विचारलं की "होबे, होबे", म्हणजे होईल, होईल.

आणि हे शहर असं का झालं तेही बघा. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला गेली. फाळणीत तागाच्या गिरण्या इकडे आणि ताग पिकवणारी जमीन तिकडे. वर निर्वासितांचे लोंढे. १९५२ पासून भाडे समानीकरण, म्हणजे कोळसा-पोलाद देशात कुठेही नेलं तरी एकाच भावात. खाणी शेजारी असण्याचा जो काही फायदा पूर्व भारताला होता तो त्यात संपला आणि कारखाने आपल्याकडे, मुंबई-पुण्याला आले. पुढे संप, टाळेबंदी. ते धोरण उठलं १९९३ च्या सुमारास, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज तिथली शिकलेली पोरं बंगळुरूत आणि हिंजवडीत आहेत. तुमच्या माशीमांची मुलं कुठे आहेत हो?

संत्राबर्फी

@निनाद७, एक बंगळुरूत, एक कॅनडात. तुमचा बाण बरोबर लागला.

पण विरजण वगैरे नाही. मी तिथे कायमची राहिले असते तर "होबे, होबे" ऐकून माझंही डोकं फिरलं असतं, यात वाद नाही. फक्त एक सांगते. ऑफिसात जे काम आठवड्यानं व्हायचं ते करणारा माणूस त्या आठवड्यात तुमच्या आईचं गुडघ्याचं दुखणं, तुमचं गाव, तुमच्या गावची नदी सगळं विचारून ठेवायचा. मला तो सौदा परवडला. तुम्हाला नसेल परवडला.

इतिहासवेडा

धागाकर्ती नागपूरची आणि उतरली भवानीपूरला! म्हणजे खंदकाच्या बाहेरच ठेवलं की हो तुम्हाला. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. कोलकात्यातल्या इंग्रजांची आणि तिथल्या रहिवाशांची पाचावर धारण बसली. त्यांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. तोच 'मराठा डिच'. बेत सात मैलांचा होता, त्यातला तीनेक मैल खणून झाला. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत, त्यामुळे बाकीचा तसाच राहिला. अठराव्या शतकाच्या शेवटी तो बुजवून त्या रेषेवर सर्क्युलर रोड केला. आजचे आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रोड ते हेच. बागबाजारात एका गल्लीचं नाव अजून मराठा डिच लेन आहे.

पुढची हकिकत रक्तरंजित आहे. १७४४ मध्ये अलिवर्दीखानानं भास्कररामांना तहाच्या बोलणीला बोलावून दगा दिला. १७५१ च्या तहात बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख ठरली. या दहा वर्षांत आपल्या बारगीरांनी तिथल्या गावांची जी दैना केली ती आपण शाळेत शिकत नाही. ते मात्र विसरलेले नाहीत. तिकडे बाळाला झोपवायच्या गाण्यात 'बर्गी (म्हणजे हेच बारगीर) आले' अशी भीती घालतात. त्यावर कोणी तुम्हाला छेडलं नाही?

संत्राबर्फी

@इतिहासवेडा, छेडलं नाही? रोज!

माशीमांचा नातू कॅनडात. त्याला व्हिडिओ कॉलवर त्या तेच गाणं म्हणायच्या: बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले, धान्य तर बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कुठून भरू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारीच सोलाणे निवडत असल्यासारखी मान खाली घालून बसले होते. कॉल संपल्यावर म्हणाल्या, "तू नागपूरची ना? मग तूच ती बर्गी." त्यानंतर दर महिन्याला भाडं हातात ठेवलं की ते कपाळाला लावून शेजारणीला हाक मारून सांगायच्या, बघ गं, आता बर्गीच आम्हाला चौथाई भरते! निघायच्या वेळी अर्ध्या महिन्याचं भाडं घेतलं नाही. म्हणाल्या, तह झाला.

अनुराधा_बालीगंज

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. लग्न होऊन सांगलीहून इथे आले त्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली. मुलं आमची बंगालीत भांडतात आणि मराठीत जेवायला मागतात.

संत्राबर्फी, लिहिलंस ते खरं आहे, पण तू एप्रिलच्या शेवटी आलीस आणि जूनमध्ये गेलीस. ऑगस्टमध्ये ये. ठनठनियाच्या काळीबाडीजवळ गुडघाभर पाण्यातून चप्पल हातात घेऊन चालून दाखव, मग बोलू. :)

दुसरं, तू ज्या घरात राहिलीस तसली घरं आता पटापट जाताहेत. इथे बिल्डरला 'प्रमोटर' म्हणतात. म्हातारा-म्हातारी उरले की प्रमोटर येतो, दोन फ्लॅट आणि थोडी रोकड देतो. लाल जमीन, हिरव्या खिडक्या, मधला चौक, सगळं सहा महिन्यांत ढिगारा. आमच्या गल्लीतली अशी तीन घरं गेली. खिडक्या आणि दारं भंगारातून मोठमोठ्या हॉटेलांत जातात, जुना बाज म्हणून. त्या हॉटेलांत मग पाहुणे त्याच खिडक्यांपुढे फोटो काढतात. माझा जळफळाट होतो.

आणि हाजरा रोडवर आपलं महाराष्ट्र निवास आहे, भवानीपूरहून चालत गेली असतीस. गणपतीला ये, मोदक मिळतील.

संत्राबर्फी

अनुराधाताई, गेले होते हो! वरणभात-लिंबू खाऊन रडू आलं होतं. ऑगस्टचं आव्हान स्वीकारलं. पाण्याची थोडी चव मलाही मिळालीच. २६ मेच्या रात्री रेमाळ चक्रीवादळ आलं तेव्हा मी तिथेच. विमानतळ दुपारपासून बंद, खिडक्यांना दोऱ्या बांधलेल्या, बाहेर वारा पिसाळलेला. आणि नेमका त्याच रात्री चेन्नईत आयपीएलचा अंतिम सामना, कोलकाता विरुद्ध हैदराबाद. आमची वीज जात-येत होती. कोलकाता जिंकल्यावर त्या तसल्या पावसात आमच्या आळीतली पोरं छत्र्यांशिवाय रस्त्यावर नाचायला आली! माशीमा खिडकीतून त्यांना शिव्या घालत होत्या आणि मध्येच मला विचारत होत्या, किती गडी राखून? आठ, सांगितलं. मग शिव्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या रुळांवर पाणी, ऑफिसला सुट्टी, घरोघर खिचडी आणि ऑम्लेट.

कोथरूडची_काकू

माझी लेक बंगाल्याच्या घरी दिली आहे, म्हणून लिहिते. आपल्याकडे जावयाचे लाड धोंड्याच्या महिन्यात, तेही तीनेक वर्षांतून एकदा. यांच्याकडे जमाईषष्ठी दर वर्षी, ज्येष्ठात! जावई हुशार. लग्नाआधी दोन्ही पद्धती चालतील ना, एवढंच विचारलं होतं त्यानं. मी बापडी हो म्हणाले. आता दर जूनला इलिश शोधत पुण्यातल्या मासळीबाजारात फिरते. आमच्या घरात तीन पिढ्यांत मासा शिजला नव्हता. गेल्या वर्षी विहीणबाईंनी फोनवरून मोहरीची ग्रेव्ही शिकवली. बरी झाली. ह्यांनी नाक धरून गच्चीत जेवण केलं.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली

काकू, जावयाला सलाम. _/\_

अवांतर: कोलकात्याचं आणि मुंबईचं नातं बर्गींच्याच वाटेनं जोडलेलं नाही. रवींद्रनाथ विलायतेला जायच्या आधी, १८७८ मध्ये, इंग्रजी बोलायची सवय व्हावी म्हणून मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. त्यांची मुलगी अन्नपूर्णा नुकतीच विलायतेहून आलेली. रवींद्रनाथांनी तिला 'नलिनी' असं नाव दिलं. म्हणजे बंगाली माणूसही आमच्या शहरात राहायला येऊन विरघळलेला आहे. नोंद घ्यावी.

प्राजू_म

वाचनखूण साठवली. आईबाबांना घेऊन मे मध्येच जायचं घाटतंय, मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात. दोघं सत्तरीचे. जमेल का? निनाद७ यांचं वाचून जरा धास्तावले.

निनाद७

प्राजू, धास्तावू नका. मी राहण्याबद्दल बोलत होतो, बघण्याबद्दल नाही. बघायला मीही दर दोन वर्षांनी जातो. (हे संत्राबर्फीला सांगू नका.)

संत्राबर्फी

वाचलं! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

प्राजू, नक्की जमेल, फक्त घड्याळ उलटं करा. तिथे पहाट पाचच्याही आधी होते, आपल्यापेक्षा पूर्वेला आहे ना. सहाला मल्लिक घाटाच्या फूलबाजारात हजर राहा, हावडा पुलाच्या अगदी पायाशी. झेंडूच्या माळा डोक्यावर वेटोळी करून नेणारे हमाल अंगावर येतात, बाबांना कडेला उभं करा. वर मान करून पूल बघा: १९४३ चा, नदीत एकही खांब नाही, आणि सगळा रिव्हेटांनी जोडलेला. मग फेरीनं पलीकडे जा, मेट्रोनं परत या. नदीखालून जाणारी ही मेट्रो २०२४ च्या मार्चमध्ये सुरू झाली. पात्राखालचा भाग पाऊण मिनिटात संपतो, बाजूनं निळे दिवे लागतात तेवढ्यावरूनच कळतं. देशातली पहिली मेट्रोही इथलीच, १९८४ ची, एस्प्लनेड ते भवानीपूर. साडेनऊला घरी येऊन आंघोळ, जेवण, झोप. पाचनंतर पुन्हा बाहेर, प्रिन्सेप घाटावर नाहीतर मैदानावर. दुपारी काही बघायचंच असेल तर इंडियन म्युझियम, पण सोमवारी बंद असतं.

ताडगोळे रस्त्यावर मिळतात, आईबाबांना द्या. हिमसागर आंबा मात्र मेच्या उत्तरार्धात खरा येतो. साल हिरवट असली तरी फसू नका, आत केशरी असतो, रेषा नाही, आणि गोडी अशी की... हापूसवाल्यांची माफी मागून सांगते, मी त्या पंधरा दिवसांत हापूसची आठवण काढली नाही.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली

इथवर सगळं सहन केलं. ट्राम घ्या, नदीखालची मेट्रो घ्या, आयपीएलही घ्या. पण हे शेवटचं वाक्य मागे घ्या.

अनुराधा_बालीगंज

मागे घेऊ नकोस गं. आमच्याकडे देवगडची पेटी येते दर वर्षी माहेरून, नवरा एक फोड खाऊन म्हणतो, "भालो," आणि हिमसागर कापायला घेतो.

इतिहासवेडा

पुन्हा खंदक खणावा लागणार असं दिसतंय.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली

'हापूस विरुद्ध हिमसागर' असा वेगळा धागा काढलाय. तिकडे या सगळे. निनाद७, तुम्ही आमच्या बाजूनं.